पहिला अंगठा नागोजीरावांचा

दुसऱ्याच्या वतीने तुम्ही कधी संतापला आहात काय? आणि संतापण्याआधी त्याला विचारले होते काय?

मी विचारले नव्हते. म्हणून नागोजीरावांविषयी लिहिणे मला भाग आहे.

नागोजीराव म्हैसूरचे पाथरवट. पणजोबा घोडदळात होते. घरात आता तलवार उरली नव्हती, मराठी उरली होती, तीही कानडीत कालवलेली. नवे काम समोर आले की ते आधी डोळे मिटत आणि दगडावरून तळहात फिरवत. आम्ही आग्ऱ्याला पोहोचलो, तेव्हा बाकीचे सहा पाथरवट ताजमहालाकडे पाहून "अय्यो!" म्हणत जागीच थांबले. नागोजीराव थेट चौथऱ्यापाशी जाऊन डोळे मिटून उभे. मला हसू आले. तेव्हा म्हणाले, "डोळ्यानं बघितलं की मोठ्ठं दिसतंय रे. हातानं बघितलं की काम दिसतंय."

आमच्या कंत्राटदाराला म्हैसुरातल्या एका धनिकाच्या हवेलीसाठी मोगल धाटणीची फुले हवी होती. संगमरवरात कोरलेल्या फुलांवर कागद लावायचा, रेघ उमटवायची, रेघेवर सुईने भोके पाडायची. घरी नेऊन त्यावरून कोळशाची पूड फिरवली की तेच फूल दुसऱ्या दगडावर उतरते. मी कारकून. कागदांवर क्रमांक घालणे आणि पत्रे लिहिणे एवढेच माझे काम. सकाळी खाके काढायचे, दुपारनंतर किल्ला नाहीतर शिकंदऱ्याची अकबराची कबर पाहायला जायचे. एका रविवारी टांगे करून फत्तेपूर शिक्रीला गेलो. पाण्यावाचून ते शहर ओस पडले, असे तिथला वाटाड्या म्हणाला. नागोजीराव म्हणाले, "एवढं बांधलेत, आणि पाणी आहे काय म्हणून आधी कुणाला विचारले नाहीत होय?"

नवरात्रातल्या अष्टमीला ताजमहालाच्या ओव्हरसीअरने सांगितले की परवानगी उद्यापर्यंतच आहे, उद्या काम संपलेच पाहिजे. उद्या खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यार पूजतात, उचलत नाहीत. माणसे हातातल्या सुयांकडे पाहू लागली.

माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा कामगार चळवळीची पत्रके जास्त होती. मी पेटलो. म्हैसूरला असलेल्या कंत्राटदाराच्या नावे अर्ज लिहिला: "आम्ही कामगार कोणाचे गुलाम नाही. उद्या काम करणार नाही. परिणामांस तयार आहो."

"काय लिहिलास?" नागोजीरावांनी विचारले.

"तुमच्या हिताचंच."

"मग वाचायचं कशाला? तू शिकलेला माणूस."

पहिला अंगठा त्यांनी उठवला, मग बाकीच्या सहांनी. माझी सही नव्हती. मी कारकून, कामगार नव्हे. तत्त्वाला धरून तेच बरोबर वाटले. त्याच संध्याकाळी अर्ज म्हैसूरच्या टपालात पडला.

नवमीला सकाळी नागोजीरावांनी सुया, कंपास आणि चाकू ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिले, लिंबू ठेवले. मग रिकाम्या हातांनी ताजमहालात गेले. उठावाच्या फुलांवर कागद दाबून धरला आणि कोळशाची पूड नुसत्या बोटांनी घासली. पाकळ्या उमटू लागल्या.

"हत्यार झोपू दे," ते म्हणाले. "बोटाला कोण पूजतंय?"

"बायको पूजते, मामा!" एक जण म्हणाला.

"तुझी पूजत असेल. माझी मोडीन म्हणते!"

सगळे हसले आणि तसेच करू लागले. दिवस मावळेपर्यंत उरलेली सारी फुले कागदावर आली. भोके दोन दिवसांनी मुक्कामावर बसून पाडली.

'अर्ज रद्द समजावा' अशी तार मला करता आली असती. तारघर वाटेवरच होते. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. वाक्ये चांगली उतरली होती. ती मागे घ्यावीशी वाटली नाहीत.

म्हैसूरला परतल्यावर सहा जणांना नुसता दम भरला. पहिला अंगठा ज्याचा तो पुढारी, म्हणून नागोजीरावांना काढून टाकले. अर्ज मी लिहिला, असे मी कंत्राटदाराला सांगितले. तो म्हणाला, "अक्षर तुझं, अंगठा त्याचा." मी नोकरी सोडली. तेवढ्याने नागोजीरावांचे काम परत आले नाही.

त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते रागावले नाहीत. "वाच की आता," एवढेच म्हणाले. माझ्याजवळ नक्कल होती. मी सगळी वाचली.

"चांगलं लिहिलास रे," ते म्हणाले. "पण हे मी बोललोच नाही." मग म्हणाले, "विचारला असतास तर सांगितलो असतो, बोटानं होतंय म्हणून."

पुढे ते बेट्टदपुरला मुलीकडे गेले. तिथे जात्यांना टाकी लावत. वर्षभराने ते वारल्याचे कार्ड आले. ते वाचून मी जेवायला बसलो. ताटातला भात संपवला. हात धुतला.

अर्ज मी अजूनही लिहितो. जुलूम आहेत तोवर ते लिहिलेच पाहिजेत. तुम्हीही लिहा. पण कुणाच्या अंगठ्याला शाई लावण्याआधी सगळा कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवा, त्याच्या बोलीत सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. तो नको म्हणाला तर कागद त्याच्यासमोर फाडा. वाक्ये कितीही चांगली उतरली असली, तरी फाडा.