गल्ली खाली करा, वास येऊन राह्यला!

चहा घ्या पहिले. मागून हसता हसता नाकातून आला तं मले बोलू नका! आता काय सांगू तुमाले, फजिती तं समद्याईची होते, पण अशी अग्निशमनची गाडी बोलावून, अख्खी गल्ली जमवून कोणी करते का? मी केली!

मी पाइपाच्या गॅसच्या कंपनीत आहे, वर्धेच्या ऑफिसात, तक्रारीच्या फोनवर. सिलिंडरवाला नाई, नळासारखा घरोघरी पाइपातून येते, तो गॅस. बरीच वर्षं कंत्राटावर काढली अन् त्या उन्हाळ्यात कुठं माही पर्मनंटची फाईल वरच्या ऑफिसले गेलती. साहेब म्हणाले, "वंदनाताई, फाईल परत येईपर्यंत काही गडबड नको हं." मले सांगा, असं बजावल्यावर गडबड होईन नाई तं काय होईन?

आमच्या धंद्यात रिपोर्ट म्हणजे देव. वास आल्याचा फोन आला की वेळ टिपा, टीम पाठवा. लोकाईले घराबाहेर काढा लागलं, तं त्याच दिवशी वर कळवा. मग गॅस निघो का न निघो! लपवलं तं घरी बसा. अन् हे साऱ्या गावाले शिकवत कोण फिरे? मीच. सुरक्षा सप्ताहात तं माहा घसा बसला. "गॅसले मुळात वास नसते, कुजक्या अंड्यासारखा वास मुद्दाम घालतात, तुमाले समजावं म्हणून. वास आला की लाजू नका, फोन करा!"

तं त्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात गेली, अन् नाकावर जसा कोणी बुक्का मारला! असा वास, का बाप्पा! मागच्या दाराकडं गेली तं आणखीन जोर. तिथंच भिंतीवर आमचं गॅसचं मीटर.

पहिले तं पळावंसं वाटलं. पण ट्रेनिंग म्हणजे ट्रेनिंग! गॅसचा मेन व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या. आमचे हे अर्धी दाढी करून बटनाकडं हात नेत होते.

"बटनाले हात लावू नका!"

"अवं, पण कूलर चालू हाय, बंद तं करू दे."

"चालूच राहू द्या! चला बाहेर!"

"असा? तोंडाले फेस लावून?"

"फेसासंगं चला!"

बाहेर येऊन मी आमच्याच ऑफिसले फोन लावला. ड्युटीवर शीतल होती, मीच तयार केलेली पोरगी.

"नमस्कार. आपलं नाव?"

"अवं शीतल, मी बोलून राह्यली! माह्या घरी लीक हाय!"

"ताई, तुमीच सांगतलं ना, वळखीचा माणूस असला तरी समदे प्रश्न विचारायचे. आपलं नाव?"

नाव सांगतलं. पत्ता सांगतला. "आपण घाबरलेल्या आहात का?" हाही प्रश्न मीच लिहून देलता. म्हटलं, "हो वं माय, लय!"

मग मी गल्लीत धावली. "खाली करा! खाली करा! वास येऊन राह्यला!" एकेक घर वाजवून बाहेर काढलं. समोरच्या नलूमावशी गच्चीवरून काही उतरत नव्हत्या.

"माहे पापड वाळत हायेत वं!"

"मावशी, जीव महत्त्वाचा का पापड?"

मावशीनं खरंच विचार केला. मग पापडाची चादर गुंडाळून काखेत मारली अन् उतरल्या.

समदी गल्ली कोपऱ्यावरच्या निंबाखाली. वर वैशाखातलं ऊन, खाली लेकरं, म्हातारे, अन् मधात फेसवाले आमचे हे. तितक्यात आमचा टेक्निशियन राजू आला. गॅस हुंगाची मशीन घेऊन मीटर पाह्यलं, पाइप पाह्यला, शेगडी पाह्यली. मशीन गप.

"ताई, गॅस नाई."

"मशीन बिघडली असन."

"सकाळीच तपासली जी."

"मंग हा वास काय माह्या नाकातून येऊन राह्यला? दुसरी मशीन आण! गल्लीची लाइन बंद कर! अग्निशमनले फोन लाव!"

राजूनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं तापात बरळणाऱ्याकडं पाहतात. पण सीनियर मी! दुसरी मशीन आली, लाइन बंद झाली, घंटी वाजवत लाल गाडी आली. दुसरी मशीनही गप!

अन् तेव्हाच माहा फोन वाजला. सासूबाई! त्या लेकीकडं सिंदी गावाले गेलत्या. कोण्या भल्या माणसानं तिथवर बातमी पोचवली. गल्लीच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला. तीच चूक.

"काऊन वं वंदना, घर उडालं म्हणते?"

"नाई आई, उडालं नाई अजून. वास येऊन राह्यला लय."

"कुठून?"

"मागच्या दाराकून."

 मंग आवाज आला, साऱ्या गल्लीले ऐकू जाईल असा:

"तू गव्हाचं पाणी बदलवलं होतं का?"

तुमाले कुरड्या तं माहीत हायेत. गहू दोन-तीन दिवस भिजवून आंबवाचे, मंग वाटून त्याचा चीक काढायचा. पण रोज पाणी बदलवा लागते, नाई तं त्या गव्हाची जी दशा होते, ते देव जाणे. सासूबाईनं मोठा गंज भरून, म्हणजे पातेलंभर, गहू मागच्या दाराशी, बरोब्बर मीटरच्या खाली ठेवलते अन् जाताना सांगतलं होतं, "पाणी बदलवत जाजो." मी गल्लोगल्ली सुरक्षा शिकवत फिरली. गहू तिथंच!

राजू आत गेला, गंजावरचं ताट उचललं. दारात उभे असलेले अग्निशमनचे जवान दोन पावलं मागं सरले. एक जण नाकाले रुमाल लावून म्हणाला, "मॅडम, याच्यापरिस गॅस परवडला असता."

नलूमावशी पापडाची चादर घेऊन उठल्या. "उतरवलं मले कुरड्यासाठी! अन् वरून विचारते, जीव का पापड!"

हसणं सोडा, मले रडू येत होतं. गल्ली खाली झालती, म्हणजे रिपोर्ट जाणारच. जिथं माही फाईल, तिथंच! साहेबाले फोन केला.

"कारण काय लिहायचं, ताई?"

"बाहेरचा वास, असं लिहा ना सर."

"कशाचा, विचारतील."

"धान्याचा."

"कोणाच्या धान्याचा?"

म्हटलं, "सर, लिहा आता खरं. माह्याच."

दोन दिवसांनी वरच्या ऑफिसातून व्हिडिओवर बोलावणं आलं. स्क्रीनवर टायवाले चार साहेब. मोठा म्हणे, "मॅडम, ये कुरडई क्या होता है?"

"सर, गेहूं को सड़ाना पड़ता है."

"गलती से?"

"नहीं सर, जानबूझकर. पर इतना नहीं."

चौघंही टेबलाखाली वाकले. पेन पडला असन, म्हणून मी वाट पाह्यली. पेन काही सापडेना. वर आले तं डोळे पुसत होते. मोठा म्हणाला, घरचीच भानगड असून रिपोर्ट खरा पाठवला, ठीक हाय. फाईल पास!

मी पेढे वाटले. नलूमावशीले दोन जास्त देले. पण फाईलच्या मागोमाग एक आदेश आला. आता आमच्या साऱ्या ऑफिसांत, वासाचा फोन आला की टीम तं निघतेच, पण संगं एक नवा प्रश्न विचारावा लागते. अन् आमच्याकडं तो विचारते कोण? मीच ना!

पहिलाच फोन जाम गावाहून आला. टीम रवाना केली, बाईले घराबाहेर उभं केलं, नाव-पत्ता टिपला. मंग घसा साफ करून, एकदम ऑफिसच्या आवाजात विचारलं, "ताई, घरात कुरड्यांसाठी गहू भिजवले आहेत का?"

 तिकडून बाई हळूच म्हणते, "अगं माय! त्या कुरड्यावाल्या बाई तुमीच का वं?"