आईला दाखवलेली कबर

पंधरा ऑगस्टला लोणावळा पर्यटकांनी फुलून जातं आणि कार्ल्याजवळचं माझ्या चिक्कीच्या दुकानातला माल दुपारपर्यंत संपतो. आईचा मात्र त्या दिवशी मरियामातेचा सण. येशू स्वतः स्वर्गात चढला, पण आपल्या आईला त्यानं नेलं, तेही देहासकट, हे ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. "कबर उघडली तर आत नुसती फुलं! लेकानं आईला मातीत न्हाई ठिवलं," असं म्हणताना ती माझ्याकडे बघते. दुकानापायी तिला चर्चला न्यायचं राहून जातं, त्याचा तो टोमणा. मी कळून न कळल्यासारखं करतो.

बाकीच्यांचे देह मातीतच थांबतात, जगाच्या शेवटच्या दिवशी जिवंत होऊन उठायला. आमच्या दफनभूमीत तेवढीही सोय नाही. जागा कमी, म्हणून कच्ची कबर काही वर्षांनी उघडतात. आधी चर्चच्या फळ्यावर नाव लागतं. घरच्यांनी यायचं, हाडं धुऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. कुणी आलं नाही, तर ती सगळ्यांच्या हाडांबरोबर एकाच खड्ड्यात जातात. बाबांचं नाव फळ्यावर महिनाभर होतं म्हणे. आई खुबा मोडून अंथरुणावर, आणि मी चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, सोडून दुकानात. मला पत्ताच नाही. गेलो तेव्हा त्या जागी दुसऱ्याच कुणाचा क्रूस होता. फादरनी नुसता खांद्यावर हात ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आईला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली. यंदा ती काठी टेकत चालायला लागली आणि सणाची मिस्सा संपल्यावर अडूनच बसली, "तुझ्या बाबांकडं ने." तिथेच सांगायला हवं होतं. पावसानं नाव पुसून गेलेला एक लाकडी क्रूस मी हेरला आणि निर्लज्जासारखा म्हणालो, "हे बघ, इथे बाबा."

मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी तिला काय दिसणार! तिनं क्रूस चाचपला, गवत उपटलं, ओल्या मातीत मेणबत्ती खोचली, वाऱ्याला पदर आडवा धरला. परक्या माणसासाठी ती पुटपुटत राहिली आणि मी तिची काठी धरून उभा. लाज वाटली म्हणणं फारच थोडं झालं.

मग तिनं शेजारची रिकामी जागा हातानं दाखवली. "मला हितंच ठिव, त्यांच्या बाजूला. उठायच्या दिवशी हुडकत बसायला नको."

मी हो म्हणालो.