पेनिसिलिनचा रकाना

नवनगरातल्या आमच्या लहानशा कंपनीने उणकलच्या एका नर्सिंग होमचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, आणि नेमकं तिथंच माझ्या अक्काने बाळंतपणासाठी नाव नोंदवलं. अक्काला पेनिसिलिन चालत नाही. लहानपणी एका इंजेक्शनने तिचा चेहरा सुजला, श्वास अडकला. तिची ती घरघर माझ्या कानातून कधी गेलीच नाही. आणि रुग्णांची माहिती साठवण्याचं काम सरांनी माझ्याच गळ्यात मारलं.

प्रोग्रॅममधली कुठली माहिती डेटाबेसच्या कुठल्या रकान्यात जायची, ते सांगणारं मॅपिंग मी लिहिलं. त्याची टेस्टही लिहिली. रुग्ण साठवायचा, परत मागायचा, ताडून बघायचा. हिरवा पट्टा आला, म्हणजे टेस्ट पास. सर खूश झाले, मी मात्र टेस्ट पुन्हा एकदा चालवून बघितली.

त्या संध्याकाळी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या दुकानावरून त्यांच्यासोबत घरी निघाले. शटरला कुलूप लावून अप्पा कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन ते ओढून बघायचे. सगळी पेठ हसायची त्यांना.

"लावतानाच ओढून बघा की अप्पा," मी म्हटलं.

"हातात असताना ते लागलंयच वाटतंय ग. सोडून जायचं, मग येऊन बघायचं."

मी तिथंच गार पडले. माझी टेस्ट कुलूप हातात धरूनच बघत होती! डेटाबेसशी जोडलेलं सेशन मी बंदच न केल्यामुळे, माहितीची ने-आण करणारी तयार लायब्ररी परत डेटाबेसकडे गेलीच नव्हती. मेमरीत होता तोच रुग्ण तिने मला परत दिला होता.

सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या सेशन बंद करून, नवं उघडून तोच रुग्ण मागितला. पट्टा लाल. ॲलर्जीचा रकाना रिकामा होता. मॅपिंगमध्ये ती ओळच नव्हती. ती घातली, पट्टा हिरवा झाला. अजून काय काय राहिलं असेल? मग मी एकेका रकान्याची टेस्ट लिहायला बसले.

सर वैतागले. "साकु ग आता, पुरे! लायब्ररी करणाऱ्यांनी तपासलीय की सगळी. नाव, पत्ता, पिनकोड, किती तपासणार?"

"लायब्ररी नाही सर, माझं मॅपिंग तपासतेय."

त्यांचंही चूक नव्हतं, काम द्यायची तारीख जवळ आली होती. पण कुठला रकाना सोडला तर चालेल, हे मला ठरवताच येईना. सगळे तपासले.

अक्काला कळा सुरू झाल्या तेव्हा मी आणि अप्पा तिला घेऊन गेलो. काउंटरवरच्या पडद्यावर तिच्या नावाखाली आलं, पेनिसिलिनची ॲलर्जी. माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. तरी मी नर्सचा हात धरला.

"पेनिसिलिन देऊ नका हं तिला."

"कंप्युटरवर आलंय की बाई. विश्वास नाही काय त्याच्यावर?"

"ते मीच केलंय," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, आणि पेन काढून केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

अप्पा आणि मी चहाला म्हणून खाली उतरलो. फाटकापर्यंत आल्यावर अप्पा थांबले. मीही थांबले. आम्ही दोघंही परत वर गेलो.