अपडाऊन सुटल्यावर

आमच्या मुख्याध्यापकांनी मला दहावीच्या वर्गापुढे 'ध्येय आणि वेळेचे नियोजन' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा आधी हसू आलं आणि मग रागच आला. नाही म्हणायला कारण सापडेना. आठ-नऊ वर्षं पुसदहून तासाभराच्या गावी अपडाऊन केलेली बाई, ही माझी ख्याती त्यांच्या कानावर गेली होती. घर सांभाळून, नोकरी सांभाळून ही एम.ए. झाली, शाळेत कधी उशिरा आली नाही, वह्या कधी तपासायच्या राहिल्या नाहीत. सगळं खरं होतं. फक्त आता ते खरं राहिलं नव्हतं आणि तसं का झालं, ते माझं मलाच उमगत नव्हतं.

अपडाऊन हा शब्द आमच्याकडे इंग्रजी राहिलेलाच नाही. घर एका गावी, नोकरी दुसऱ्या गावी, असा निम्मा जिल्हा सकाळ-संध्याकाळ एसटीत बसलेला असतो. सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा विचारतात, पोरगी अपडाऊन करते का म्हणून. आमची पाच-सहा बायांची टोळी होती. जी आधी स्टँडवर पोचेल तिनं खिडकीतून रुमाल टाकून सगळ्यांची जागा धरायची. जाताना वह्या, नाहीतर परीक्षेचं पुस्तक. येताना मेथी निवडायची. थंडीत तर मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवीच असायची. पुसदचं स्टँड येईस्तोवर शेंगा सोलून झालेल्या, घरी गेलं की त्या ओल्या दाण्यांचा सोलेभात टाकायचा. कंडक्टर म्हणायचा, बाई, सालपटं खाली टाकू नका. आम्ही कधीच टाकली नाहीत, त्यासाठी वेगळी पिशवी असायची.

हे सगळं मी कशासाठी करत होते, ते मला पाठ होतं. बदलीसाठी. पुसदला बदली झाली की पोरीला वेळ देईन. बदली झाली की सकाळी फिरायला जाईन, वाचेन, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेईन. नवरा नोकरीनिमित्त नागपूरला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तोही म्हणायचा, तुझी बदली झाली की मग बघू. आमच्या घरात देवाच्या खालोखाल बदलीचं नाव घेतलं जायचं.

पावसाळ्यात ती झाली. नवी शाळा घरापासून स्कुटीवर दहा मिनिटांवर. पहिल्या दिवशी साडेपाचलाच घरी येऊन मी ओट्यावर बसले आणि स्वतःलाच म्हटलं, बाई, जिंकलीस.

आणि मग काय झालं, देव जाणे. सकाळी घाई नाही म्हणून उशिरा उठायची, उशिरा उठली म्हणून घाई व्हायची. जवळच तर आहे म्हणता म्हणता शाळेत उशीर व्हायला लागला. वह्यांचे गठ्ठे घरी यायचे आणि तसेच परत जायचे. फिरायला एकदा गेले, ते बूट आणायला बाजारात. संध्याकाळचे ते मोकळे दोन तास मी इतकी वर्षं मागितले होते, आणि ते आल्यावर मी हातात मोबाइल घेऊन या खोलीतून त्या खोलीत नुसती हिंडत होते. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात कुठे ठेवले तेच आठवेना. थंडी पडली, तुरीच्या शेंगा आणल्या, त्या पिशवीतच सुकल्या. सासूबाई एक दिवस म्हणाल्याच, "तू येस्टीत होती तं घर येळेवर चालत होतं वं. आता घरी हायस, तं चहाही येळेवर नाई."

मी चिडले. खूपच चिडले, कारण बाई खरं बोलत होती.

पण चहाचं सोडा. खरा घोर पोरीचा होता. ती दहावीत. अकरावी-बारावीला नांदेडला जायचं की पुसदलाच राहायचं, हे ठरवायचं होतं. तिथल्या क्लासची आणि होस्टेलची जागा हिवाळ्यातच अडवून ठेवावी लागते, नाहीतर मग मिळत नाही. क्लासवाल्यांना सोमवारी हो-नाही कळवायचं होतं, रविवारी नवरा त्यासाठीच घरी येणार होता. आम्ही दोघांनीही तिच्यावर सोडलं होतं. आणि ती बोलत नव्हती. मी रोज संध्याकाळी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. जेवलीस का, अभ्यास झाला का, नांदेडचं काय ठरवलंस? ती मान वर न करता म्हणायची, "विचार करून राह्यली." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एवढी आई घरी आणून ठेवली पोरीसाठी आणि माझी गत असून अडचण, नसून खोळंबा. बदलीच्या आधी ही पोरगी इतकं बोलायची की मी म्हणायची, जरा श्वास घे. ती कधी गप्प झाली, मला तारीखवार सांगता आलं नसतं. तिला जायचंय आणि आम्हाला सोडून जाववत नाही, असं आहे का? की जायचं नाही आणि बापाला घाबरते? मी रात्रंदिवस हेच दळत बसायची, पीठ काही पडत नव्हतं.

अशात शुक्रवारी ते भाषण. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'ध्येय' लिहिलं. मुलांकडे वळून म्हटलं, ध्येय पक्कं असलं की वेळ आपोआप सापडतो. आणि मनात आलं, ध्येय मिळालं की तो जातो कुठे? झालं, पुढचं सगळं पुसलं गेलं. शेवटी काहीच सुचेना म्हणून एसटीत रुमाल टाकून जागा कशी धरायची ते सांगत बसले. मुलं हसली. मुख्याध्यापकांना तो मोठा दृष्टांत वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कसला दृष्टांत, माझी बोंबच होती ती!

शाळा सुटली तेव्हा घरी जावंसं वाटेना. स्कुटी शाळेतच ठेवली, ऑटोत बसून बाजारात गेले, शेंगा घेतल्या. पाय स्टँडकडे वळले. का वळले, मला विचारू नका. बाकावर बसले. थोड्या वेळानं आमची गाडी आली आणि टोळी खाली उतरली. प्रत्येकीच्या हातात सोललेल्या दाण्यांची पिशवी. मला पाहून त्या थबकल्या. तू इथं कायले, म्हणून विचारलं. मी म्हटलं, अशीच. अशीच स्टँडवर कोण येतं? त्या एकमेकींकडे बघत आपापल्या घरी गेल्या.

आणि मी सवयीनं फोन काढून पोरीला लावला. म्हटलं, स्टँडवर आहे, घ्यायला ये. ती म्हणाली, कुठून आलीस? म्हटलं, कुठूनच नाही, तू ये.

अपडाऊनच्या दिवसांत ती रोज यायची. सायकल घेऊन. माझी बॅग कॅरिअरला लावायची, आणि दोघी पायी घरी जायचो. ती सायकल हातात धरून, मी बाजूला. बॅग जड असते म्हणून ती येते, एवढंच मी समजत आले होते. सायकलवरून ती उतरली. शेंगांची पिशवी कॅरिअरला अडकवली आणि चालायला लागली. बाजारातली गर्दी संपली, पूल आला. पूर्वी पुलावर आलो की तिची टकळी सुरू व्हायची, तोवर गाड्यांच्या आवाजात ऐकू येत नसे. पुलाच्या मध्यावर ती म्हणाली, "मले नांदेडले जायचं आहे, आई."

एवढं सोपं. ऐकून वाईट वाटलं आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. यातलं खरं कोणतं, अजून सांगता येत नाही. म्हटलं, मग इतके दिवस बोलली काहून नाही?

"कशी बोलू? इतकी वर्षं तू म्हणत होती, बदली झाली की पोरीजवळ राहीन. तू आली. अन् मी लगेच म्हणू का, मी चालली?"

मला रडू आलं. पुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तिची मान खाली, ती सायकलची घंटी बोटानं उगाच फिरवत होती. मी नाक पुसलं आणि म्हटलं, बदली मी मागितली होती, तुला कोणी अर्ज लिहायला लावला नव्हता. तू जा. रविवारी बाबांना मी सांगते.

ती म्हणाली, मग तू काय करशीन? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. मास्तरीण असून, दुपारीच या विषयावर भाषण ठोकून, खरंच ठाऊक नव्हतं. तिला त्याचं हसू आलं. मग भाषणाची फजिती सांगितली, त्यावर तर ती सायकल टाकून हसली. आणि सुरू झाली. तिची कोणती मैत्रीण रुसलीय, होस्टेलच्या जेवणाची भीती कशी वाटते, गणिताचे सर कसे खाकरतात. महिनोन्महिन्यांचं साचलेलं. मी नुसती हं हं करत होते.

आमची गल्ली आली. घराचा दिवा दिसायला लागला. तशी ती बोलता बोलता मधेच थांबली आणि तिनं सायकल उलटी वळवली.

"कुठं?" मी म्हटलं.

"स्टँडवर. अपडाऊन करू."

शेंगा सोलायच्या होत्या, कणीक मळायची होती, सासूबाई चहासाठी खोळंबल्या असतील. मी फोन काढला, सासूबाईंना सांगितलं की गाडी लेट आहे, आणि तिच्या मागे चालायला लागले.