बाकावरचं पोहणं

पोहता येणारा माणूस आयुष्यात कशालाच भीत नाही. पाण्यात स्वतःला सोडून देणं म्हणजे जगावर विश्वास ठेवायला शिकणं. मुख्याध्यापिकांनी पालकसभेत ही वाक्यं उच्चारली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे मिटून मान हलवली. मीही क्षणभर गंभीर झाले. मग खिडकीबाहेर पाहिलं. तिथून शाळेचा पोहण्याचा तलाव दिसतो. निळ्या फरशीचा, चकचकीत, पायऱ्यांना स्टीलचे कठडे असलेला. त्याच्या खोल बाजूला एक कुत्रं झोपलं होतं.

तलावात पाणी नव्हतं. यात शाळेला फार दोष देता येणार नाही. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा एक प्रसंग असतो. त्या दिवशी माणसं अर्धी रजा टाकतात, पाहुण्यांना उद्या या म्हणून सांगतात. अशा शहरात कुणाला तरी तलाव बांधावासा वाटला, ही मोठीच श्रद्धा म्हणायची. फरशी बसली, कठडे बसले, पाटी लागली. पाणी नंतर येणार होतं.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळेनं त्या वर्षी शनिवारचे शेवटचे दोन तास राखून ठेवले आणि त्यांना ‘पैलू’ असं नाव दिलं. प्रत्येकानं एक आवडीचा विषय निवडायचा. रोबोटिक्स, फ्रेंच, वक्तृत्व, कीबोर्ड, मातीकाम आणि पोहणं. सगळ्यात जास्त गर्दी फ्रेंचला झाली, कारण घरी चुका काढणारं कुणी नव्हतं. सातवीतल्या माझ्या लेकीनं पोहणं निवडलं. मी मातीकाम सुचवून पाहिलं. ती म्हणाली, माती घरीही असते.

मला वाटलं, वर्ग रद्द होईल आणि मुलांना दुसऱ्या विषयात टाकतील. रद्द करणं म्हणजे पाणी नाही हे मान्य करणं. ते कुणाला करायचं नव्हतं. त्यामुळं वर्ग सुरू झाला. पोहण्याचे सर तरुण आणि शिस्तीचे होते. त्यांनी जेवणाच्या हॉलमधले लांब बाक तलावाच्या काठावर ओळीनं मांडले. मुलं टोपी आणि गॉगल लावून बाकावर पालथी झोपायची आणि शिट्टी वाजली की हातपाय मारायची. बाक जागचा हलत नाही, तरी शर्यत व्हायची. कोण जिंकलं ते सर ठरवायचे.

श्वासाचा सराव घरी करायचा होता, बादलीत. ज्या दिवशी पाणी यायचं त्या दिवशी मी पिंप, टाकी, हंडे, पातेली असं सगळं भरत धावत असायची आणि लेक एक बादली अडवून त्यात तोंड घालून बुडबुडे काढत बसायची. नंतर ते पाणी मी फरशी पुसायला वापरायची. माझा नवरा म्हणाला, पोरीच्या खेळातलं पाणीही वापरायचं, इतकी कंजुषी बरी नव्हे. तो त्या वेळी सोफ्यावर होता.

एकदा मी सरांना गाठून विचारलं, पाण्यात कधी उतरवणार. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तंत्र पक्कं असलं की पाणी ही औपचारिकता आहे.” या बांध्याची वाक्यं मी याआधी इतर क्षेत्रांतल्या विद्वानांकडूनही ऐकली होती, म्हणून वाद घातला नाही.

सहामाहीच्या शेवटी प्रात्यक्षिक झालं. मुलं स्टेजवर बाकांवर झोपली. समोर दोन शिक्षिकांनी निळ्या कापडाचा पट्टा धरून लाटा काढल्या. मागं समुद्राचा आवाज लावला होता. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं की पाण्याशी नातं जोडणारी ही पिढी आहे. लेकीला प्रमाणपत्र मिळालं: जलतरण, प्राथमिक स्तर, प्रावीण्यासह. नवऱ्यानं त्याचा फोटो त्याच्या घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. पाचोडहून, म्हणजे नवऱ्याच्या गावाहून, धाकट्या दिरांनी अंगठे, फुलं आणि एक वाघ पाठवला.

इथपर्यंत मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. मग लेक म्हणायला लागली, मला पोहता येतं. शेजारणीला म्हणाली, रिक्षावाल्याला म्हणाली, फोनवर आत्याला म्हणाली. प्रत्येक वेळी मी विषय बदलायची. मी एकदा तिला समोर बसवून समजावलं की पाण्यात वेगळं असतं.

“हो, वेगळं असतं,” ती म्हणाली. “पाण्यात सोपं असतं. सर म्हणाले, बाक टोचतो, पाणी उचलून धरतं.”

मला स्वतःला पोहता येत नाही. माझं लहानपण शहरातल्याच छावणी भागात गेलं. आमचं पाणी पिंपात असायचं आणि त्यात बुडण्याची कुणाला भीती नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा तिला. तो पाचोडचा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला त्याच्या वडलांनी विहिरीत ढकललं होतं आणि शिक्षणाचा तेवढाच एक प्रकार त्याला अजून पटतो. तो म्हणाला, दिवाळीला गावी जाऊच, बघू तिथं.

गावी बघायला आता विहीर नव्हती. म्हणजे आहे, पण पाणी तळाशी. आता शेततळं आहे. दिरांची मोसंबीची बाग आहे आणि तिच्यासाठी त्यांनी मोठं तळं खणून त्यात काळं प्लास्टिक अंथरलं आहे. त्याला सगळे कागद म्हणतात. त्या कागदावर शेवाळ धरतं. उतारावर पाय ठेवला की माणूस आत जातो, आणि पट्टीचा पोहणारा असला तरी बाहेर येताना हाताला काही लागत नाही. म्हणून काठाला खुंटी ठोकून दोर सोडलेले असतात आणि भोवती तारेचं कुंपण असतं. हे मला जावेनं तळं झाल्यावर पहिल्यांदा शेतात नेलं तेव्हाच सांगितलं होतं, तेही चहा ओतता ओतता, कुठल्या दुकानात साखर चांगली मिळते हे सांगावं तसं.

सोलापूर रस्त्यानं जाताना लेकीनं गॉगल कपाळावर चढवला होता. मी मागच्या सीटवर सारखी बसायची जागा बदलत होते. नवऱ्यानं विचारलं, गाडी लागतेय का.

घरी पोचलो तर अंगणात माणसं. दिरांनी भावकीत आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्यांत बातमी दिली होती.

“वहिनी, लई भारी काम झालं,” ते म्हणाले. “आपल्याकडं पोरीबाळी कुठं पवत्यात? उद्या सकाळी तळ्यावर ठेवलंय. सरपंच पण येतो म्हणालेत.”

मी म्हटलं, भाऊजी, तिनं पाणी पाहिलेलं नाही. ते हसले. त्यांना तो आईचा विनय वाटला. प्रमाणपत्रावर शिक्का होता, दोन सह्या होत्या. आईच्या बोलण्यावर काहीच नव्हतं. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे थांबवा. तो म्हणाला, आता लोकांना बोलावलंय. शिवाय मी आहेच की काठावर. त्याला शेवटचं पोहून किती वर्षं झाली ते मी विचारलं नाही. त्याच्या पोटाकडं पाहिलं, तेवढं त्याला कळलं.

सकाळी तळ्यावर पंधरावीस माणसं जमली. सरपंच आले नाहीत, त्यांचा पुतण्या आला. दिरांनी नारळ आणला होता. तो फोडून झाला, पाण्यात फूल टाकून झालं. कुणीतरी मोबाइल धरून ‘आपल्या गावची कन्या’ असं सुरू केलं. शहरातली शाळा आणि गावचं शेततळं यांत मला तेवढ्यापुरता तरी फरक दिसेना. दिरांनी कुंपणाचं दार उघडलं. लेक सायकलिंगची चड्डी, टी-शर्ट, टोपी, गॉगल अशी तयारीनिशी पुढं गेली. मी तिच्या मागं जाऊन टी-शर्टचा मागचा भाग मुठीत धरला. ती म्हणाली, आई, सोड, सगळे बघतायत. मी सोडला नाही.

ती काठावर उभी राहून पाण्याकडं बघत राहिली. काळ्या कागदामुळं पाणीही काळं दिसतं आणि तळ दिसत नाही. तिनं एक पाय पुढं करून कागद चाचपला. चप्पल सुटली. उतारावरून चप्पल एकटीच घसरत गेली, अजिबात घाई नसल्यासारखी, आणि पाण्यात जाऊन तरंगत आतल्या बाजूला निघाली. कुणी चप्पल आणायला उतरलं नाही. नवराही नाही. दिरांनी सुद्धा दोराला हात लावला आणि काढून घेतला.

लेकीनं गॉगल कपाळावर सारला.

“काका, मला पाण्यात येत नाही,” ती म्हणाली. “मला बाकावर येतं.”

मोबाइलवाला म्हणाला, थोडं मोठ्यानं. तिनं मोठ्यानं सांगितलं.

“म्हंजे?” दीर म्हणाले.

“म्हणजे तलावात पाणी नव्हतं. आम्ही बाकावर शिकलो.”

“आन् परीक्षा?”

“परीक्षा पण बाकावर.”

तिच्यापेक्षा वर्षभरानं लहान असलेली तिची चुलत बहीण तोंडावर हात ठेवून खिदळायला लागली. “ताई, मग मी पण पास व्हईन की. मी तर बाजेवर झोपतेच.”

सगळे हसले. मला वाटलं, आता लेक रडणार. तिच्या आवाजात मात्र लाज नव्हती. तिला जे येत होतं ते तिनं सांगितलं होतं आणि त्याचं बहिणीला का हसू आलं, एवढंच तिला कळत नव्हतं. ती म्हणाली, “नुसतं झोपायचं नसतं. दाखवू?”

बागेच्या राखणदाराची बाज मोसंबीच्या झाडाखाली होती. लेक तिच्यावर पालथी झाली आणि तिनं सगळ्यांना फ्रीस्टाइल दाखवलं, श्वासासाठी मान वळवण्यासकट. लोक नारळाचा प्रसाद खात बघत होते. एक म्हातारबाबा बराच वेळ उकिडवे बसून पाहत होते. ते म्हणाले, “हात बरुबर मारायली पोरगी.” सरपंचांच्या पुतण्याला काम आठवलं. हळूहळू माणसं पांगली. काही जण जाताना माझ्याकडं पाहून हसले, जणू शाळा मीच काढली होती.

मी सुटले असं समजून बाजेच्या कडेला टेकले. तेव्हा लेक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “आई, आता मला खरंच पाण्यात जायचंय.”

‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तिनं कसला आव आणला असता तर तो मी वापरलाही असता. पण सगळ्यांसमोर येत नाही म्हणून सांगणारी मुलगी विचारत होती, आणि तिला मी काय म्हणून अडवणार?

पंपाच्या खोलीला लागून सिमेंटचा हौद आहे. पाणी तिच्या छातीपर्यंत. दिरांनी तिच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक नवऱ्यानं मागितलं. मी दिलं नाही. ती आत उतरली, गारव्यानं किंचाळली आणि कडेला घट्ट धरून राहिली. मग पुढं झुकून हात मारला आणि सरळ खाली गेली. मी दोर इतक्या जोरात ओढला की ती हौदाच्या भिंतीवर आपटली. नाकातोंडातून पाणी आलं. ती खोकत मला रागावली, ओढू नको ना. थोडा वेळ उभी राहिली. परत गेली, परत बुडाली, परत खोकली. पाणी काही उचलून धरत नव्हतं. सरांचं नाव घेऊन ती काहीतरी पुटपुटली.

नंतर तिनं हात मारणं सोडून दिलं. बादलीत घालायची तसं तोंड पाण्यात घातलं, हळूहळू बुडबुडे सोडले, आणि पाय तळापासून उचलले.

ती तरंगली. हात बाजूला पसरलेले, केस टोपीतून सुटलेले. माझ्या मुठीतला दोर सैल झाला आणि मला कळेना, तो आता कसा धरायचा. जावेनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला आयुष्याबद्दल काहीतरी मोठं सुचणार, असं अगदी वाटायला लागलं.

तेवढ्यात शेतीची लाइट आली. दिरांनी लेकीला बाहेर यायला सांगितलं आणि मोटार सुरू केली. हौदातलं पाणी मोसंबीचं होतं.