अक्कांची टणक अंडी

साऱ्या बीड जिल्ह्यात बदकाचं अंडं पुढच्या दातावर टकटक वाजवून ते कसं निघालंय हे सांगणारी बाई एकच असेल, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ निघावी, हे माझं नशीब. नेकनूरजवळच्या आमच्या गावात दोघींची घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. अक्का, म्हणजे थोरल्या जाऊबाई, चौथीतून उठल्या त्या पुन्हा शाळेकडे फिरकल्या नाहीत. बदकं दोघींनीही पाळली. अंडी मात्र फक्त अक्कांकडे. माझ्याकडे जे येई त्याला अंडं म्हणायला सासूबाई तयार नव्हत्या. "थोरलीचं अंडं फुटता फुटत न्हाई, अन् तुजं धरता धरवत न्हाई," असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

अक्कांना टरफलांचं वेड होतं. बाजाराला गेल्यावर बाकीच्या बायका बांगड्यांच्या दुकानाकडे वळत, अक्का भुर्जीच्या गाड्याकडे. एकदा आमचे मुख्याध्यापकच तिथे उकडलेलं अंडं खात उभे होते. अक्कांनी त्यांच्या पायाजवळची टरफलं वेचून पिशवीत घातली आणि वर मला हाक मारली, "मास्तरीणबाई, काहून लांब उभी? तुजं सायबच हायत की!" सासरे दवाखान्यात होते तेव्हा आम्ही सगळे डॉक्टरांच्या मागे धावत होतो, अक्का शेजारच्या खाटांवरच्या बशा रिकाम्या करत होत्या. मग ती टरफलं धुवायची, वाळवायची, तव्यावर भाजायची, कुटायची. रविवारी सकाळी त्यांच्या खलबत्त्याचा आवाज भिंतीतून आला की मला वाटे, बाई टरफलं नाही, माझं नाकच कुटतेय.

मी काय कमी केलं? बदकांना पत्र्याच्या स्वच्छ खोलीत ठेवलं, भात दिला, पोळी कुस्करून दिली. अंडी आली ती फुग्यासारखी, हातात घेतली की लिबलिबणारी. कवच कॅल्शियमचं असतं हे मी वर्गात फळ्यावर लिहून देते! म्हणून गुरांच्या औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली आणि भातात कालवली. बदकांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. अक्कांची बदकं मात्र दिवसभर शेततळ्याकाठी गोगलगायी शोधत उंडारत, आणि पहाटे पांढरीशुभ्र, टणक अंडी घालत. माझा नवरासुद्धा नाश्त्याला तिकडेच जाऊ लागला, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

अक्का दळणाला गेलेल्या पाहून मी एका दुपारी त्यांच्या परसात शिरले. कोपऱ्यात एका करवंटीत भरडलेली टरफलं आणि नदीतल्या शिंपल्यांचा चुरा होता. मी मूठभर घेऊन पदरात बांधला. वळले, तर दारात डोक्यावर डबा घेतलेल्या अक्का. माझ्या पदरातून चुरा गळत होता. त्या दारातून बाजूला झाल्या. मी मान खाली घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच भरलेला डबा घेऊन माझ्या दारात.

"मुठीनं काय हुतंय गं? हे घे. अन् भातात कालवू नको. येगळं ठिव. जिला पायजे ती खाती, नराला नको असतंय."

"इतकं जाडसर?" मी पुटपुटले.

"पीठ केलं तर लगेच निगून जातंय. कवच रातच्याला बनतंय, तवर पोटात टिकाया पायजे. अन् सोड त्यास्नी भायेर. नुसत्या भातावर अन् कोंडून कवच येत न्हाई."

मी दार उघडलं. माझी बदकं एका ओळीत निघाली ती थेट अक्कांच्या कळपात, आणि अंडीसुद्धा त्यांच्याच परसात घालू लागली! अक्का रोज माझी अंडी आणून देत. "ही तुझीच," म्हणत. कशी ओळखत कोण जाणे. मला तर दरवेळी एखादं जास्तच वाटे. त्यामुळे मी आणखीच जळत असे. बाईनं एकदा तरी चिडावं की नाही!

दसरा झाला आणि अक्का-भाऊजींची ऊसतोडीला जायची वेळ आली. माझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. त्यांना पाच-सहा महिने फडात, पाचटाच्या खोपीत काढावे लागतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ट्रॅक्टर दारात उभा असताना अक्का सगळा कळप माझ्या परसात हाकत आल्या, एकेका बदकाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि "बग बरं," एवढंच म्हणाल्या, तेव्हा ते पहिल्यांदा नीट समजलं.

महिन्याभरानं फोन आला. मागे कोयत्यांचे आवाज होते.

"पोरी, कवच कसं येतंय?"

समोर टोपलीत पंधरा अंडी होती. टणक, एकालाही चरा नाही. शेजारी बसलेल्या सासूबाई नुकत्याच म्हणाल्या होत्या, "थोरलीपेक्षा झ्याक जमलं की तुला." हे ऐकायला मी दोन वर्षं आसुसले होते.

"पातळ येतंय हो अक्का," मी म्हणाले. "तुमच्याशिवाय काय जमत न्हाई."

पलीकडे त्या इतक्या खळखळून हसल्या, की फडातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला लागलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी टोपलीवर पदर टाकला.