हरणाईची विहीर

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला क्रांती पुकळे आधी एकच विचारायची, पायऱ्यांची सवय आहे ना? साताऱ्यात जुनं ते सगळं एक तर डोंगरावर, नाही तर जमिनीच्या पोटात. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढायचं, मग लिंबला बारा मोटांच्या विहिरीत उतरायचं, दुपारी माहुलीच्या संगमावर पुन्हा घाटाच्या पायऱ्या. ती एका दिवसाला एकच पाहुणा किंवा एकच कुटुंब घ्यायची. गाडी तिची, चालवणारी ती आणि सांगणारीही तीच. नवऱ्याने फौजेतून आल्यावर गाडी घेतली, मी चालवायला शिकले आणि तो मागच्या सीटवर गेला, असं ती हसत सांगायची.

ती माणदेशातल्या मेंढपाळाची लेक. बाराव्या वर्षापर्यंत वर्षातले आठ महिने कळपामागे चाललेली. पुढे एका मास्तरांनी वडिलांचा पिच्छा पुरवून तिला साताऱ्याच्या वसतिगृहात घातलं आणि ती इतिहास घेऊन बी.ए. झाली. वर्गात तिच्या बोलण्याला हसणारे होते. त्यांच्यासमोर 'माहीत नाही' म्हणायचं नाही, ही जिद्द तिने तेव्हा धरली ती धरलीच. पुढे पाहुण्यांसमोरही ते दोन शब्द तिच्या तोंडून निघायचे नाहीत.

गेल्या फेब्रुवारीत सांगलीहून अंकिता आली. घरांचे नकाशे करणारी, पस्तिशीची, एकटीच. जुन्या विहिरी बघायचा तिला नाद होता. लिंबच्या विहिरीत तिने दोन तास काढले, माहुलीला देवळांच्या पायापर्यंत वाकून बघितलं आणि जेवताना विचारलं, कुणी फारसं बघत नाही अशी एखादी विहीर दाखवाल का?

क्रांतीला एक आठवली. रहिमतपूरच्या बाजूला एका वाडीत दगडी पायऱ्यांची लहानशी बारव होती. वाडीचं नाव इथे घेत नाही. मधला पूल वाहून गेला, मग साथीची वर्षं आली, आणि सात वर्षांत तिचं तिकडे जाणंच झालं नव्हतं. बाभळी माजल्या असतील, जपून उतरावं लागेल, असं तिने अंकिताला बजावलं.

वळण घेतलं आणि क्रांतीने ब्रेक दाबला. बाभळी कुठेच नव्हत्या. पत्र्याचा मोठा मांडव होता, नारळ-ओटीची दुकानं होती, पंधरा-वीस गाड्या लागलेल्या होत्या. कमानीवर भगव्या रंगात लिहिलेलं होतं: श्री हरणाई माता, पुरातन जागृत देवस्थान.

तिने ते दोनदा वाचलं. अंकिताने विचारलं, हीच ना? क्रांतीने नुसती मान हलवली.

अकरा वर्षांपूर्वी तिने पुण्याचं एक कुटुंब इथे आणलं होतं. विहिरीच्या कोनाड्यात झिजलेला एक दगड होता, बाईची आकृती आहे की नाही इतपत. त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलं, हिचं नाव काय? कुणालाच ठाऊक नव्हतं, क्रांतीलाही नाही. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, हरणाई. मग गोष्टही आपोआप आली. गावाने तीनदा विहीर खणली, पाणी लागेना. मेंढरं राखणारी एक पोर होती, तिचं बांडी नावाचं कोकरू रोज एकाच जागी जाऊन बसायचं. पोरीने ती जागा दाखवली, तिथे पाणी लागलं. तिच्या आठवणीसाठी हा दगड. मुलगी खूश झाली, आईबापांनी ते मोबाइलवर टिपून घेतलं. पुढे ज्यांना म्हणून क्रांतीने तिथे नेलं, त्यांना गोष्ट आवडलीच. कुणाच्या तरी मोबाइलमधून ती कुठल्या कुठे गेली असेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

हरणा हे तिच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. बांडी हे बहिणीच्या कोकराचं.

विहिरीच्या तोंडाशी हरिबा नावाचे सत्तरीचे पुजारी बसले होते. नवी माणसं बघून त्यांनी आपणहून सांगायला घेतलं. तीनदा खणणं, कोकरू, पोरीने दाखवलेली जागा, सगळं क्रांतीच्याच शब्दांत, तीच विराम घेण्याची ठिकाणं. शेवटी त्यांनी तिसऱ्या पायरीवर हळद-कुंकवाच्या गोलात एक खळगा दाखवला.

"ह्यो बांडीचा खूर," ते म्हणाले. "माज्या आजीनं मला दावल्याला. तिला तिच्या सासूनं."

क्रांती त्या खळग्याकडे बघतच राहिली. खूर तिने कधीच सांगितला नव्हता. हरिबांच्या चेहऱ्यावर लबाडीची छटासुद्धा नव्हती. म्हाताऱ्याला खरंच आठवत होतं. आजीचा हात धरून आपण इथे उभे होतो, हे त्यांना दिसत होतं. ती भिंतीला धरून खाली उतरली.

खालच्या पायरीवर एक तरुण बाई मांडीवर पोराला घेऊन बसली होती. सोनिया तिचं नाव, शेजारच्याच गावची. पोरगं चार वर्षांचं, शिवतेज. बाजूला चार-पाच बायका होत्या. एकीने क्रांतीला समजावलं, तापाच्या पोरांना इथलं पाणी देतात, पाच दिवस. तोवर दुसरं औषध चालत नाही, देवीला राग येतो. पोराचा आज तिसरा दिवस.

क्रांतीने वाकून शिवतेजच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पोराच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या, ओठ कोरडे, डोळे अर्धवट.

असं कपाळ तिने एकदाच हाताळलं होतं. याच शिवारात. तेहतीस वर्षांपूर्वी वडिलांनी इथल्या एका रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. क्रांती अकरा वर्षांची, हरणा आठची. हरणाला ताप भरला. चार दिवस क्रांती याच विहिरीतून पाणी नेऊन तिच्या कपाळावर फडकं ठेवत होती. उद्या उतरेल, असं वडील रोज म्हणायचे. पाचव्या दिवशी पहाटे हरणा गेली. तिला बांधाला पुरलं. ठरलेला मुक्काम संपला होता, दुसऱ्या दिवशी कळप पुढे हलला. त्यानंतर घरात कुणी तिचं नाव घेतलं नाही.

आणि आता त्याच पाण्याने, त्याच नावाने, लोक तापाची पोरं बरी करायला आणत होते.

"ह्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे," क्रांती म्हणाली.

सोनियाने पोराला आणखी घट्ट धरलं. दोनच दिवस राहिलेत, ती म्हणाली. सासूबाईंनी पाच दिवस पुरे करायला सांगितलंय. बायकांनी माना डोलावल्या. वरून हरिबाही उतरून आले. मधेच सोडलं की उलटतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

तेव्हा क्रांती सगळ्यांकडे वळली. "ही देवी खरी नाही. ही गोष्ट मी रचलेली आहे. अकरा वर्षांपूर्वी, इथेच उभं राहून. हरणा माझी बहीण होती."

विहिरीत आवाज घुमला आणि थांबला. कुणी रागावलं नाही. एका बाईने दुसरीकडे बघून बोट कपाळाला लावलं. हरिबांनी मात्र तिच्याकडे मायेने बघितलं.

"ताई, तुमच्या आंगात आलंय व्हय?" ते म्हणाले. "बसा वाईच. येतं असं पयल्यांदा आलेल्यांना."

आयुष्यभर ती जुन्या जागांबद्दल बोलली होती आणि लोकांनी तिचा शब्दन् शब्द खरा मानला होता. आज पहिल्यांदा ती या विहिरीबद्दल खरं बोलली, तर ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. अंकिता तिच्या कानाशी आली आणि एवढंच म्हणाली, वेळ नाही, श्वास बघा त्याचा.

क्रांतीने खांद्यावरच्या पिशवीतली बाटली काढली, खाली वाकून विहिरीच्या पाण्याने भरली आणि सोनियासमोर गुडघ्यांवर बसली. ती आता माहेरच्या बोलीत बोलत होती.

"हे बग बाई, देवीचं पाणी संगं घेतलंय. पाचच्या पाच दिवस तितं दिऊ. देवीनंच मला धाडलंय गाडी घिऊन. ती म्हणती, पोराला दवाखान्यात ने."

सोनियाने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग हरिबांकडे. हरिबांनी क्षणभर विचार केला आणि हात जोडले. सोनिया उठली.

अंकिता मागे सोनियाशेजारी बसून पोराला जरा उठतं धरून राहिली. क्रांतीने साताऱ्यापर्यंत गाडी कशी चालवली ते तिला नंतर आठवेना. आठवत होती ती फक्त मांडीजवळ हिंदकळणारी बाटली. खोटं बोलून पोर उचलावं लागलं, पुन्हा त्याच खोट्याने, हे तिला सारखं टोचत होतं.

डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. दोन्ही फुप्फुसं भरली होती. लगेच ऑक्सिजन लावला. सोनियाच्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत अंकिता तिथेच बाकावर बसून होती. जाताना तिने क्रांतीचा हात धरला आणि विचारलं, बहिणीचं खरं होतं ना? क्रांतीने हो म्हटलं आणि तिथे, दवाखान्याच्या व्हरांड्यात, ती हरणासाठी पहिल्यांदा रडली.

नऊ दिवसांनी शिवतेज घरी गेला.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात क्रांतीच्या मोबाइलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. सोनियाची सासू मांडवात उभी राहून सांगत होती. देवीने सवाशिणीचं रूप घेतलं, पांढऱ्या गाडीतून आली, नातवाला उचलून दवाखान्यात नेलं आणि पुढच्या क्षणी दिसेनाशी झाली. मागे लोक हात जोडून उभे. क्रांतीने मोबाइल उलटा ठेवला. जेवण समोर तसंच राहिलं. ती स्वतःच त्या गोष्टीत गेली होती, आणि आता तिथून तिला कुणी बाहेर येऊ देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली, म्हसवडच्या पलीकडे. आई, चंद्राबाई, पंचाहत्तरीची. थोरल्या मुलाच्या घरासमोर बसून लोकर पिंजत होती. क्रांतीने काही न लपवता सगळं सांगितलं. नाव कसं तोंडातून निघालं, कमान, खूर, ताप, बाटली. हरणा हा शब्द कानावर पडला तेव्हा म्हातारीचे हात थांबले. ती रागावेल, मारेल, काहीतरी बोलेल असं क्रांतीला वाटत होतं. चंद्राबाईने लोकर पुन्हा हातात घेतली आणि दिवेलागणीपर्यंत ती पिंजत राहिली. झोपायला जाताना म्हणाली, "सकाळी मला तितं ने."

दुसरा दिवस मंगळवार होता. विहिरीवर गर्दी होती. हरिबांनी क्रांतीला ओळखलं आणि ते अदबीने बाजूला झाले. लोक वाट करून देत होते, एकीने तर तिच्या पायांना हात लावला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंद्राबाई कुणाकडे न बघता एकेक पायरी उतरली, कोनाड्यापाशी गेली आणि शेंदूर लावलेल्या दगडावर तिने तळहात ठेवला.

"आवं आजी, हात लावू नगा," हरिबा म्हणाले.

"माज्या लेकीचं नाव हाय, मी न्हाई लावायचा तर कुनी लावायचा?"

तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी वळून बघितलं. खालच्या पायरीवर दोघीजणी पोरं घेऊन बसल्या होत्या. चंद्राबाई त्यांच्यासमोर बसली.

"माजी हरणा तापानं गेली. आट वरसाची हुती. हेच पानी तिच्या उशाला हुतं, चार दिस हेच पानी पाजलं. न्हाई वाचली. दवाखान्यात न्हेली असती तर वाचली असती. मी न्हेली न्हाई." तिने जवळच्या पोराच्या कपाळाला हात लावला. "पोरास्नी घिऊन जावा, बायांनो. माज्या लेकीच्या नावानं हितं पोरं बशीवू नगा."

कुणीही तिला वेडी म्हटलं नाही. दोघींतली एक हमसून रडली, मग दोघीही उठल्या. हरिबा पायरीवर मटकन बसले. ते आजीबद्दल काहीतरी पुटपुटत होते, मग तेही बंद झालं.

देवस्थान काही मोडलं नाही. कमान आहे, नारळाची दुकानं आहेत, खुराभोवती हळद आहे. पण तापाचं पोर घेऊन कुणी आलं, तर हरिबा स्वतः त्याच्या कपाळाला हात लावून बघतात आणि आधी दवाखाना करून या म्हणतात, देवीच्या आईचा हुकूम आहे. क्रांती हे सगळं पाहुण्यांना सांगते, सुरुवातीपासून, आपल्या नावासकट. काहींना पटतं, काही अवघडून विषय बदलतात.

त्या मंगळवारी विहिरीतून वर आल्यावर चंद्राबाईला तेव्हाच्या मुक्कामाचं रान आणि तो बांध बघायचा होता. तिथे आता डोक्यावर जाणारा ऊस होता. म्हातारी बांधाबांधाने चालत राहिली, दोन ठिकाणी थांबली, पुढे गेली, परत मागे आली. उसाला पाणी पाजणारा शेतकरी जवळ येऊन म्हणाला, काय हरवलंय का, आजी?

"न्हाई रं बाबा," चंद्राबाई म्हणाली. "कवातरी मुक्कामाला हुतो हितं."